पेस्ट, माउथवॉश आणि हिरड्या : घरी पारखून पाहताना पडणारे प्रश्न

हिरड्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी दवाखान्याची पायरी चढण्याआधी दोन-तीन पेस्ट आणि एखादा माउथवॉश बदलून पाहिलेला असतो. स्वतः करून बघण्यात गैर काहीच नाही. पण फरक नेमका कशाने पडला हे ओळखायची रीत माहीत नसते, आणि त्यात पैशांपेक्षाही महिने वाया जातात. दंतवैद्य म्हणून मला सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डॉक्टर, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. कुठली पेस्ट वापरू?

पेस्टचं नाव विचारण्याआधी रक्त का येतं ते बघू. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या काठावर जंतूंचा चिकट, पांढुरका थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो तिथे राहिला की हिरडी सुजते, लाल होते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे फार सोप्या पद्धतीने दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

म्हणजे हिरडी बिघडते ती प्लाक साचून, आणि सुधारते ती प्लाक निघाल्यावर. प्लाक काढण्याचं काम ब्रशचे केस करतात. त्यात पेस्टचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून पहिलं उत्तर असं : मऊ केसांचा ब्रश, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, केस हिरडीच्या काठाकडे तिरपे धरून, हलक्या हाताने. हे नीट होत असेल तरच कुठली पेस्ट या प्रश्नाला अर्थ आहे.

२. जिथून रक्त येतं तो भाग घासायचा की दुखू नये म्हणून सोडून द्यायचा?

घासायचाच. तो भाग सोडला की तिथला प्लाक वाढतो आणि रक्तही वाढतं. मऊ ब्रशने चार-पाच दिवस नेटाने घासा. सुरुवातीला रक्त थोडं जास्त दिसेल, मग कमी होत जाईल. दहा-बारा दिवस नीट घासूनही एका ठरावीक जागेहून रक्त येतच राहिलं, तर तिथे कीटण (कडक झालेला प्लाक) किंवा खोल फट असण्याची शक्यता आहे (प्रश्न ९).

३. मग पेस्टमुळे हिरड्यांना काहीच फायदा होत नाही का?

होतो, पण सगळ्या पेस्टमुळे नाही, आणि जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. ट्यूबच्या मागचा बारीक मजकूर वाचा. स्टॅनस फ्लोराइड म्हणजे कथलाचं फ्लोराइड. ते जंतूंची वाढ रोखतं आणि हिरड्यांची सूज, रक्त कमी करतं, असं चाचण्यांमध्ये दिसलं आहे. काही जणांच्या दातांवर त्याचा फिकट तपकिरी डाग येतो. झिंकचे क्षार प्लाकला थोडा आळा घालतात आणि वासही कमी करतात.

आपल्याकडे बहुतेक ट्यूबवर सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड लिहिलेलं असतं. दात किडू नयेत म्हणून ती चांगली आहेत, हिरडीच्या सुजेवर मात्र त्यांचा विशेष परिणाम नाही. तरीही हिरड्या खाली सरकलेल्यांना मी फ्लोराइडची पेस्ट सोडू देत नाही. उघडी पडलेली मुळं फार लवकर किडतात. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं.

पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट झिणझिण्या कमी करते. ठणक थांबली म्हणजे हिरडी बरी झाली असं समजू नका. लवंगेच्या पेस्टचंही तेच. लवंगेतलं युजेनॉल दुखणं बधिर करतं, दुखण्याचं कारण आहे तिथेच राहतं.

४. माउथवॉश इतके प्रकारचे असतात. हिरड्यांसाठी कोणता?

दुकानातल्या बाटल्या रंगावरून निवडू नका, आतल्या द्रव्यावरून निवडा. मोटामोटी चार गट आहेत.

क्लोरहेक्सिडीन हा प्लाकवर सगळ्यांत प्रभावी ठरलेला गट आहे. आपल्याकडे तो बहुधा ०.२ टक्क्यांचा मिळतो. त्याच्याकडे रोजचा माउथवॉश म्हणून न बघता थोड्या दिवसांचं औषध म्हणून बघावं (प्रश्न ८). सेटिलपिरिडिनियम क्लोराइड, म्हणजे सीपीसी, त्याहून सौम्य असतो आणि रोज वापरायला चालतो. तिसरा गट सुगंधी तेलांचा : ओव्यातलं थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, पुदिन्यातलं मेन्थॉल आणि दुखण्यावरच्या बामला ज्याचा वास येतो ते मिथाइल सॅलिसिलेट. ब्रशच्या जोडीला हा गट नियमित वापरला तर प्लाक आणि हिरड्यांची सूज दोन्ही कमी होतात. त्याच्या जुन्या प्रकारांत अल्कोहोल बरंच असतं. तोंड कोरडं पडत असेल तर बिनअल्कोहोलचा घ्या. चौथा गट नुसत्या फ्लोराइडचा. तो दातांच्या किडीसाठी आहे, हिरड्यांसाठी नाही.

यातला कुठलाही माउथवॉश हिरडीच्या आत खोलवर जात नाही. पायोरिया झाला असेल, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजून खोल फट तयार झाली असेल, तर वरून कितीही गुळण्या केल्या तरी औषध त्या फटीच्या तळापर्यंत पोचत नाही.

५. नवी पेस्ट किंवा माउथवॉश मला लागू पडतोय का, हे घरी कसं तपासू?

हा प्रश्न कोणी विचारला की मला मनापासून आनंद होतो. नुसतं "बरं वाटतंय" यावर जाऊ नका. पुदिन्याच्या गारव्याने प्रत्येकालाच बरं वाटतं. रक्ताचा हिशेब ठेवा.

शेवटच्या अक्कलदाढा सोडल्या तर मोठ्या माणसाला २८ दात असतात. वर १४, खाली १४. म्हणजे दोन दातांमधल्या फटी झाल्या २६. एखादा दात काढला असेल तर तुमचा आकडा कमी येईल, तो एकदा मोजून वहीत लिहा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, रात्री ब्रश करण्याआधी आरशासमोर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. फटीत बसेल असा छोटा इंटरडेंटल ब्रश किंवा फ्लॉस (दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा) हलकेच आत घालून बाहेर काढा. चार-पाच फटी झाल्या की अर्धा मिनिट थांबा आणि त्याच फटी पुन्हा बघा. दोन दातांच्या मधे हिरडीचा जो त्रिकोणी तुकडा असतो, त्याच्या टोकाशी लाल ठिपका किंवा काठाने बारीक लाल रेघ उमटली, तर ती फट "रक्ताची". काहीच दिसलं नाही तर "कोरडी". मागच्या दाढांजवळ आणि खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला नीट बघा. रक्त बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं.

समजा पहिल्या आठवड्यात २६ पैकी ११ फटींतून रक्त आलं. वहीत "११/२६" लिहा, आणि कुठल्या फटी तेही. दातांचं साधं चित्र काढून त्यावर लाल पेनाने टिंब दिलं तर अजून उत्तम. दुसऱ्या आठवड्यात पेस्ट, माउथवॉश काहीही न बदलता पुन्हा मोजा. आकडा १० ते १२ च्या आसपास आला तर तुमची मोजणी भरवशाची आहे असं समजा. ११ चा एकदम ५ झाला, तर बदल न करताच आकडा पडला. तुम्ही लक्ष द्यायला लागलात म्हणून घासणं सुधारलं, एवढाच त्याचा अर्थ. मग आकडा स्थिर होईपर्यंत आणखी एक-दोन आठवडे थांबा.

त्यानंतर एकच गोष्ट बदला. पेस्ट बदलली तर ब्रश तोच, माउथवॉश नाही, फटी साफ करायची पद्धतही तीच. चार आठवडे दर आठवड्याला मोजा. आकडा खाली आला तर शेवटची कसोटी बाकी राहते : चार आठवडे जुन्या पेस्टवर परत जा. रक्त पुन्हा वाढलं, तर नव्या पेस्टचा तुम्हाला खरोखर उपयोग होत होता. वाढलं नाही, तर श्रेय तुमच्या हाताचं आहे आणि महागड्या ट्यूबची गरज नाही.

दवाखान्यात आम्ही प्रोबने, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने, प्रत्येक दाताच्या सहा जागा तपासतो. रक्त १० टक्क्यांहून कमी जागी आलं आणि कुठेही खोल फट नसली, तर हिरड्या निरोगी मानतो. घरची मोजणी तंतोतंत तशी नसते, पण २६ पैकी एक-दोन फटींवर येऊन टिकलात तर नक्की योग्य वाटेवर आहात.

६. चारच आठवडे का? जाहिरातीत तर सात दिवसांत फरक म्हणतात.

सात दिवसांत सूज कमी होऊ शकते, हे खरं आहे. प्रश्न १ मधल्या प्रयोगातही ते दिसलंच. पण नवी वस्तू हातात आली की माणूस पहिला आठवडा जास्त मन लावून घासतो. मोठ्या चाचण्यांत नुसतं रंगीत पाणी मिळालेल्या गटाच्या हिरड्याही सुधारतात, कारण आपल्याकडे कोणी बघतंय हे त्यांना ठाऊक असतं. ही नवलाई ओसरायला वेळ द्यावा लागतो. हिरड्यांसाठी म्हणून मान्यता हवी असेल तर अमेरिकन डेंटल असोसिएशन सहा महिन्यांच्या चाचण्या मागते. घरी तेवढं कोणाला जमणार नाही, पण आठवड्याभरात निकालही देऊ नका.

स्त्रियांनी चार आठवड्यांचं माप पाळावं याला आणखी एक कारण आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत काहींच्या हिरड्या जास्त सुजतात. एक मोजणी पाळीच्या आधी आणि दुसरी नंतर केली तर तो फरक पेस्टच्या नावावर चुकून जमा होतो.

७. तोंडाची डावी बाजू एका पेस्टने आणि उजवी दुसऱ्या पेस्टने घासून तुलना केली तर?

पेस्ट आणि माउथवॉशच्या बाबतीत हे जमत नाही. लाळ दोन्हीकडे फिरते. फटी साफ करायच्या साधनांची तुलना मात्र अशी सुरेख होते. एका बाजूला इंटरडेंटल ब्रश, दुसरीकडे फ्लॉस, आणि चार आठवड्यांनी लाल टिंबं मोजायची. फक्त मधे एकदा बाजू बदला. उजव्या हाताने घासणाऱ्याच्या दोन्ही बाजू मुळात सारख्या साफ होत नाहीत.

८. क्लोरहेक्सिडीनने दात काळपट झाले, जेवणाला चव लागत नाही. वापरणं चुकलं का?

हे दोन्ही त्याचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. तपकिरी डाग वरवरचे असतात, पॉलिशिंगने निघतात. चव औषध थांबवल्यावर परत येते. कीटणही थोडं लवकर साचतं. म्हणूनच सहसा आम्ही ते एक-दोन आठवड्यांसाठीच देतो : शस्त्रक्रियेनंतर, हिरड्या फार दुखत असताना, किंवा हात मोडल्यामुळे ब्रश धरता येत नसेल तेव्हा. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवलेली बाटली हमखास डाग देते.

वापरताना दोन गोष्टी पाळा. एक, पेस्टने घासल्यावर लगेच ते घेऊ नका. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट त्याचा जोर कमी करतं. किमान अर्धा तास जाऊ द्या. दोन, गुळणी केल्यावर तासभर चहा-कॉफी नको. डाग गडद व्हायला आपला सकाळचा कोरा चहा पुरेसा आहे. तोंडाला पुरळ आलं, ओठ किंवा जीभ सुजली, श्वासाला अडचण वाटली, तर लगेच बंद करून डॉक्टर गाठा. अशी अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण झाली तर गंभीर असते.

प्रश्न ५ मधली चार आठवड्यांची पारख या औषधावर करू नका.

९. कीटण घालवणारी पेस्ट मिळते म्हणे. मग स्केलिंग कशाला? आणि स्केलिंग केलं की दात हलायला लागतात ना?

या एका गैरसमजाने किती दात गेले असतील, याचा विचार करून वाईट वाटतं. म्हणून सविस्तर सांगते.

प्लाक साचून राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. काही दिवसांत त्याचं दगडासारखं कीटण बनतं. खालच्या पुढच्या दातांमागे जिभेने चाचपून बघा, खरखरीत लागेल. एकदा कडक झालेलं कीटण कुठल्याही पेस्टने निघत नाही. ते दवाखान्यात काढावं लागतं, त्यालाच स्केलिंग म्हणतात. "टार्टर कंट्रोल" (टार्टर म्हणजे कीटणच) पेस्ट नवं कीटण साचण्याचा वेग कमी करते, जुनं काढत नाही.

आता हलण्याबद्दल. कीटणाखाली हिरडी आणि हाड हळूहळू झिजत असतं. कीटणाचा पट्टा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो, म्हणून दात घट्ट वाटतात. तो काढला की आधीच गेलेला आधार उघड होतो. सुजलेली हिरडी ओसरून आक्रसते, दात लांब दिसतात, फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं. हे सगळं आजाराने केलेलं नुकसान आहे. स्केलिंगने ते फक्त डोळ्यांसमोर आणलं. अनेकदा सूज उतरल्यावर काही आठवड्यांत दात उलट घट्ट होतात. कीटण तसंच ठेवलं तर हाड झिजत राहतं आणि शेवटी दात आपोआप पडतो.

पारख करायची असेल तर आधी स्केलिंग करून घ्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि मग मोजणी सुरू करा. कीटणावर पेस्ट तपासण्यात अर्थ नाही. सूज कीटणामुळे राहते आणि दोष पेस्टला जातो.

१०. आधी माउथवॉश की आधी ब्रश? चूळ किती भरायची?

ब्रश झाल्यावर पेस्ट थुंका, खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहू द्या. आपल्याला चार-पाच चुळा भरल्याशिवाय चैन पडत नाही. सवय मोडायला आठवडा जातो, पण मोडते. माउथवॉश ब्रशच्या वेळेला जोडू नका. दुपारच्या जेवणानंतर घ्या.

११. फटी साफ करायला नेमकं काय वापरू? टाचणीने कोरलं तर चालतं का?

टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी यांतलं काहीही नको. हिरडीला जखम होते.

ब्रशचे केस दोन दातांच्या मधे पोचत नाहीत, आणि हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. मला एकच सल्ला देण्याची मुभा असती तर मी पेस्टबद्दल बोललेच नसते, फटींबद्दल बोलले असते. फटी थोड्या मोकळ्या असतील तर इंटरडेंटल ब्रश फ्लॉसपेक्षा चांगलं काम करतो आणि वापरायला सोपाही असतो. तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो. किंचित अडून आत जाईल तो बरोबर. जोर लावावा लागला तर एक आकार लहान घ्या. दात अगदी घट्ट असतील तर फ्लॉस. पाण्याच्या फवाऱ्याने रक्त कमी होतं आणि ब्रेसेस किंवा ब्रिज असलेल्यांना तो सोयीचा आहे, पण चिकटलेला प्लाक तो पूर्ण काढत नाही.

१२. प्लाक दिसत नाही, मग निघाला हे कळणार कसं?

रंगवून बघा. दंतवैद्यांकडे किंवा ऑनलाइन प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. नाहीच मिळाल्या तर खाण्याच्या लाल रंगाचे दोन थेंब थोड्या पाण्यात घेऊन कानकाडीने दातांवर फिरवा आणि एकदाच हलकी चूळ भरा. ओठांना आधी व्हॅसलीन लावा, जुने कपडे घाला. स्वच्छ दातावरून रंग निघून जातो; प्लाकवर गुलाबी राहतो. पहिल्या वेळी हिरडीच्या काठाने जाणारी गुलाबी रेघ आणि खालच्या दाढांच्या आतल्या बाजूचे गडद ठिपके बघून माणसं गप्प होतात. पंधरा दिवसांतून एकदा रात्री घासून झाल्यावर हे करा. जिथे गुलाबी राहिलं तिथे दुसऱ्या दिवशी ब्रश आधी न्या.

१३. विजेवर चालणारा ब्रश घ्यावा का?

परवडत असेल तर घ्या. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र करून केलेल्या आढाव्यात तीन महिन्यांनी साध्या ब्रशच्या तुलनेत प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना त्याचा जास्त उपयोग होतो. साध्या ब्रशनेही उत्तम काम होतं.

१४. आजी-आजोबा दातवण, राखुंडी, मीठ वापरायचे. त्यांचे दात तर चांगले होते. तेलाच्या गुळण्यांचं काय?

कडुनिंबाची किंवा बाभळीची ताजी काडी चावून तिचा कुंचला केला, तर तो पुढचे दात बऱ्यापैकी साफ करतो. दाढांच्या मागे आणि फटींत तो पोचत नाही. राखुंडी, कोळसा आणि गेरूचं लाल मंजन मात्र थांबवा. ते खरखरीत असतं. बोटाने वर्षानुवर्षं घासून आवरण झिजलेले आणि हिरडीजवळ खाचा पडलेले दात मी रोज बघते.

कोमट मिठाच्या पाण्याने दुखऱ्या हिरडीला आराम मिळतो. दात काढल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून आम्हीही ते सांगतो. खडे मीठ हिरडीवर चोळू नका. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या गुळण्यांवर लहान-लहान अभ्यास झाले आहेत आणि काहींत प्लाक थोडा कमी झालेला दिसला, पण ब्रशची जागा घेईल असा पुरावा नाही. आवडत असेल तर ब्रशच्या जोडीला करा, तेल गिळू नका, आणि प्रश्न ५ च्या पद्धतीने स्वतःच पारखा.

१५. मी मशेरी लावते. माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही, म्हणजे त्या चांगल्याच ना?

ताई, हा भास आहे आणि तो घातक आहे. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. आत आजार वाढत असतो, पण रक्ताची खूण दिसत नाही. तव्यावर भाजून काळी केली तरी मशेरी तंबाखूच असते. ती रोज जिथे लावली जाते तिथली हिरडी खाली सरकते, गालाच्या आतल्या कातडीवर पांढरे चट्टे येतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, ती यासाठीच.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही हे तसंच लागू आहे. तंबाखू चालू असताना घरच्या रक्तमोजणीवर विसंबू नका. दवाखान्यात प्रोबने फटींची खोली मोजून घ्या. एक ते तीन मिलिमीटर ठीक, चार किंवा त्याहून जास्त असली तर काळजी. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे उलट जास्त रक्त येऊ शकतं. हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होतोय म्हणून ते येतं. "सोडल्यावर त्रास सुरू झाला" म्हणून पुन्हा डबी उघडू नका.

१६. पाचवा महिना चालू आहे, हिरड्या खूप सुजल्यात. माउथवॉश चालेल का?

गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्याशा प्लाकनेही हिरडी जास्त सुजते. दुसऱ्या महिन्यापासून हे दिसू लागतं आणि बाळंतपणानंतर कमी होतं. बिनअल्कोहोलचा साधा माउथवॉश चालतो. पोव्हिडोन-आयोडीनच्या गुळण्या टाळा, थायरॉइडचा त्रास असलेल्यांनीही. या काळात स्केलिंग सुरक्षित आहे आणि मधले तीन महिने त्याला सोयीचे असतात. घरातले मोठे "आता दाताला हात लावू नको" म्हणतील. त्यांना हे वाचून दाखवा.

१७. मला मधुमेह आहे. पेस्ट वेगळी लागते का?

पेस्ट तीच चालते, पण हयगय चालत नाही. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरड्यांचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही. पायोरियावर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असं चाचण्यांच्या आढाव्यात दिसलं आहे. गोळीच्या जोडीला हा लाभ मिळत असेल तर तो का सोडायचा? वर्षातून दोनदा हिरड्या दाखवा आणि वहीत लाल टिंबांच्या शेजारी तुमचा एचबीए१सीही लिहा.

१८. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून हिरड्या फुगल्यात. पेस्ट बदलली, उपयोग नाही.

अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या रक्तदाबाच्या, फिनिटॉइन या फिट्सच्या आणि सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणानंतरच्या औषधाने काहींच्या हिरड्या वाढतात. पेस्टने ते थांबणार नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका. फिजिशियनशी बोलून पर्याय निघू शकतो. तोवर प्लाक कमी ठेवला तर वाढही कमी राहते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर तुमचा रक्ताचा आकडा मुळात थोडा चढा येईल. तुमची तुलना तुमच्याच जुन्या आकड्याशी करा.

१९. लहान मुलांना माउथवॉश द्यायचा का?

सहा वर्षांखाली नाही, ती गिळतात. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथल्या पालकांनी दंतवैद्याला विचारूनच पेस्ट ठरवावी.

२०. स्केलिंग परवडत नाही. कुठे जाऊ?

सरकारी दंत महाविद्यालयात जा, खासगीपेक्षा खूप कमी पैशांत काम होतं. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. हिरड्यांसाठी पिरिओडोंटिक्सचा स्वतंत्र विभाग असतो. विद्यार्थी काम करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण शिक्षक तपासल्याशिवाय सोडत नाहीत. सकाळी लवकर केस पेपर काढा.

२१. घरचे प्रयोग थांबवून तातडीने डॉक्टरकडे कधी जायचं?

ताप असताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, तर दंतवैद्याची वाट बघू नका. डेंग्यूत ही धोक्याची खूण असते. त्याच दिवशी फिजिशियनकडे जा आणि रक्त तपासा. वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. काही न लागताही अंगावर निळसर डाग येणं, हिरड्या फिकट पडून फुगणं आणि सततचा थकवा हे एकत्र दिसलं तरी रक्ताची तपासणी आधी. हिरडीतून पू येणं, दात हलणं, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा यांपैकी काहीही असेल तर ठरलेली मोजणी पूर्ण होण्याची वाट न बघता याच आठवड्यात दाखवा, आणि जाताना वही बरोबर न्या. कुठल्या फटीतून कधीपासून रक्त येतंय हे त्यात लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते लगेच कळतं.